मागच्या मालकाचं ऑइल

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी उधना स्टेशनावर काय होतं, हे सुरतेच्या डिंडोलीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. अर्धा खानदेश त्या प्लॅटफॉर्मवर उभा असतो. तापी लाइनच्या गाडीत पाय ठेवायला मिळाला तर नंदुरबार, तिथून एसटीनं साक्री, आणि साक्रीपासून आमच्या गावापर्यंत मिळेल ते वाहन. गेल्या वर्षी आईला खिडकीतून आत घ्यावं लागलं. त्याच दिवशी ठरवलं, पुढची आखाजी स्वतःच्या गाडीनं.

शिक्षकाच्या पगारात नवी गाडी बसेना, म्हणून जुनी बघायला लागलो. शोधता शोधता एक सापडली. चार मीटरच्या आतली, उंच, पांढरी, २०२० ची, जीजे-०५, एक लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ५४ हजार किलोमीटर चाललेली. विकणारा म्हणाला, ‘सिंगल ओनर, कंपनी मेंटेन, एकदम मख्खन.’ गाडीचं आणि त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. टोकन देण्याआधी गाडी आप्पांना दाखवायची, एवढं शहाणपण मात्र मला होतं.

आप्पांचं गॅरेज खरवासा रोडला लागून आहे. बोर्ड मराठी, गुजराती आणि हिंदीत; तिन्हींत ‘गॅरेज’ वेगवेगळं लिहिलेलं. आप्पा साक्री तालुक्यातलेच. सतराव्या वर्षी सुरतेला आले, उधन्याच्या एका खात्यात (इथं कारखान्याला खातं म्हणतात) टीएफओ मशीनवर, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या यंत्रावर लागले, आणि तिथून गाड्यांकडे वळले. त्यांची लेक आमच्या महानगरपालिकेच्या मराठी शाळेत माझ्याच वर्गात होती. पुढं तिनं ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला. आता एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये असते, आणि रविवारी लॅपटॉप घेऊन बापाच्या गॅरेजात बसते. त्या रविवारी दोघंही होते. खरं तर तिथंच माझं चुकलं. एकाच डॉक्टरला विचारावं.

आप्पा: सर, एक विचारू? तुम्हाला गाडी पाहिजे का नाद पाहिजे?

मी: आखाजीला घरी जायला गाडी पाहिजे.

आप्पा: मग साधं इंजिन घ्या ना भो. चार सिलिंडर, बिना टर्बोचं, सीएनजीवालं. सुरतेत पंपांना काय तोटा? बिघडली तर नवापूरचा पोरगासुद्धा दुरुस्त करून देईल.

लेक: हो, आणि कोंडाईबारीच्या घाटात पाच माणसं, मागं डिकीत सिलिंडर, सामान मांडीवर, आणि चढावर एसी बंद. मे महिन्यात. सर, आजींना विचारा चालेल का.

आप्पा: आमची अ‍ॅम्बेसेडर चढायचीच ना त्या घाटात.

लेक: चढायची. वर जाऊन बॉनेट उघडून उभी राहायची. फोटो आहे घरात.

मला हसू आलं, आप्पांना आलं नाही. विसरवाडीपासून दहिवेलकडे चढणारा तो घाट आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात आहे. सुरतेहून धुळं सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. आधी हा रस्ता सहा नंबरचा हायवे होता, आता ५३ नंबरचा. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरपर्यंत गाडी कशीही असली तरी चालते. तिची परीक्षा घाटात होते.

मी: मुळात एवढ्या मोठ्या गाडीत एक लिटरचं इंजिन घालतातच कशाला?

लेक: टॅक्समुळं, सर. २००६ च्या बजेटात सरकारनं ठरवलं, गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर एक्साइज २४ ऐवजी १६ टक्के. २०१७ ला जीएसटी आला तेव्हाही तीच रेघ राहिली. आता लोकांना गाडी पाहिजे उंच, दणकट दिसणारी; कंपनीला इंजिन पाहिजे रेघेच्या आत. म्हणून नेक्सॉनमध्ये ११९८ सीसी, व्हेन्यूमध्ये ९९८, इकोस्पोर्टमध्ये ९९९. इकोस्पोर्टची लांबी किती माहितीये? ३९९९ मिलिमीटर.

आप्पा: म्हणजे छकड्याचा बैल मोठ्या गाड्याला जुंपला, आणि मागून फुंकणी लावली.

टर्बोला आप्पा फुंकणीच म्हणतात. उपमा वाटते तितकी गावठी नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर दुसरीकडे बसलेलं चक्र बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरतं. चुलीला फुंकर मिळाली की जाळ वाढतो, तसंच. फरक एवढाच की ही फुंकणी इंजिनाच्याच धुरावर चालते. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं होतं, म्हणजे कल्पना आमच्या आजोबांच्या वयाची आहे.

आप्पा: सर, मी टीएफओवर होतो. तिथं स्पिंडल मिनिटाला दहाएक हजार फेरे घ्यायचं. बेअरिंगला तेल कमी पडलं तर आख्खं खातं कान टवकारायचं, असा आवाज. आणि ही फुंकणी किती फिरते? सांग गं.

लेक: लहान टर्बो दोन लाखांच्या वर जातो. फोर्डनं त्यांच्या एक लिटरच्या टर्बोचा आकडा २ लाख ४८ हजार दिला होता.

आप्पा: मिनिटाला! आणि बेअरिंग कसलं? गोळ्यांचं नाही. बऱ्याच गाड्यांत दांडा नुसत्या ऑइलवर तरंगतो. ऑइलची साय असते ना, तिच्यावर. एका बाजूला ९०० डिग्रीचा धूर, आणि मधे ती साय. साय फाटली की संपलं.

लेक: साय फाटत नाही, आप्पा. फाडतात.

इथून पुढं दोघंही मला विसरली. मी स्टूल ओढून बसलो.

लेक: पेट्रोल टर्बो का जातो? आपल्याकडे वर्कशॉपला येतात त्यांतले बरेचसे ऑइलपायी गेलेले असतात. घाट चढून वरच्या हॉटेलवर गाडी लावायची, खट्‌कन चावी बंद, आणि चहा. पंप थांबला, दांडा अजून तापलेला, आतलं ऑइल तिथंच शिजतं. त्याचा कोळसा होतो. तो कोळसा बारीक पाइपात बसतो, मग पुढच्या वेळी ऑइल कमी पोचतं. आता नव्या गाड्यांत टर्बोला कुलंटही फिरवलेलं असतं, काहींत गाडी बंद झाल्यावरही छोटा पंप चालू राहतो. तरी शेवटचा एक किलोमीटर हळू आणा, घाटानंतर अर्धा मिनिट चालू ठेवा, एवढं पुरतं.

आप्पा: आणि कोण करतं ते?

लेक: ज्याला माहीत आहे तो करतो.

आप्पा: मागच्या मालकाला माहीत होतं? सर, जुनी टर्बो गाडी घेतली म्हणजे तुम्ही गाडी नाही घेत. मागच्या माणसाच्या सवयी घेता. त्यानं चहा कुठं पिला, ऑइल कुठलं टाकलं, पैसे कुठं वाचवले. साधं इंजिन सवयी माफ करतं. हे करत नाही.

हा आप्पांचा खरा मुद्दा होता आणि मला तो पटला. पण लेकीकडे यावर उत्तर होतं, आणि ते नुसत्या आशेवर उभं नव्हतं.

लेक: सवयीचे डाग राहतात. वहीत खाडाखोड केली तर सरांना कळायचं की नाही?

मी: कळायचं. (नेहमी नाही. पण हे मी बोललो नाही.)

इथं मी मधे एक गोष्ट घातली, कारण मास्तर गप्प बसला तर तो मास्तर कसला. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर नावाची टर्बो पेट्रोल गाडी निघाली. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉलचं मिश्रण वेगळ्या टाकीत भरावं लागे, इंजिन आत ठोका मारू नये म्हणून. लोक भरायचे विसरत. पुढं कित्येक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला गेला.

आप्पा: बघ! साठ वर्षांपूर्वीच लोक शहाणे झाले.

लेक: बघा! साठ वर्षांपूर्वीही टर्बोचा दोष नव्हता, टाकी रिकामी ठेवणाऱ्याचा होता.

एकच गोष्ट, दोन निकाल. मी पुन्हा गप्प बसलो.

आप्पा: बरं, सगळा दोष माणसाचा. मग इकोस्पोर्टचं काय? ते तर कंपनीनं केलं.

ही गोष्ट गॅरेजात बसणाऱ्यांना पाठ आहे, बाहेरच्यांना नसते. फोर्ड इकोस्पोर्ट जून २०१३ मध्ये आपल्याकडे आली, तिच्यात एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन होतं. तीन सिलिंडर, टर्बो, १२५ पीएस. इंजिनचा ब्लॉक ए-फोर कागदावर मावतो, असं कंपनी सांगायची. २०१२, १३ आणि १४ अशी सलग तीन वर्षं या इंजिनाला ‘इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर’ मिळालं. त्यात एक वेगळी गोष्ट होती. टायमिंगचा रबरी पट्टा कोरडा नव्हता, ऑइलमध्ये भिजत फिरायचा. घर्षण कमी, आवाज कमी. पण ऑइल चुकीचं पडलं किंवा वेळेत बदललं नाही की पट्टा झिजतो, त्याचा चुरा ऑइलच्या गाळणीत जाऊन बसतो, प्रेशर पडतं, आणि सगळ्यांत आधी उपाशी राहतो तो टर्बो. शिवाय २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेत फोर्डनं एक लिटरच्या फोकस आणि इकोस्पोर्ट मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावल्या. त्यांत ऑइल पंपाच्या पट्ट्याचा आणि त्याच्या टेन्शनरचा दोष होता. त्यांतल्या इकोस्पोर्ट आपल्याच चेन्नईत बनून तिकडे गेल्या होत्या. तोवर फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं होतं, आणि आपल्या गुजरातेतला साणंदचा कारखाना टाटांकडे गेला होता.

लेक: तो दोष कंपनीचा, मान्य. जुनी इकोबूस्ट घ्यायला मी पण सांगणार नाही, पट्ट्याचं बिल हातात असल्याशिवाय. पण तेवढ्यावरून सगळ्या टर्बो वाईट? नेक्सॉनचं पेट्रोल वेगळं, नाशिकला बनलेल्या एक्सयूव्ही ३०० चं वेगळं. या दोन्हींत, म्हणजे सुरुवातीच्या मॉडेलांत, पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागं पडतं, व्हॉल्व्ह धुतला जातो. व्हेन्यू, कुशाक यांच्या एक लिटरमध्ये पेट्रोल सरळ सिलिंडरात. तिथं व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन बसतो, सत्तर-ऐंशी हजारांवर साफ करावा लागू शकतो. अक्रोडाच्या टरफलाचा चुरा मारून साफ करतात.

आप्पा: अक्रोड! ऐका सर. गाडीला अक्रोड चारायचे.

लेक: चारायचे नाही, आप्पा. फवारायचे.

मग तिनं माझ्याकडे मोर्चा वळवला. शाळेत मी तिला जसं उभं करायचो, अगदी तसं.

लेक: सर, तुम्ही तुमच्या भावाची गाडी चालवता ती चौथ्या गिअरमध्ये, तीसच्या स्पीडनं. मी पाहिलंय.

मी: पेट्रोल वाचतं.

लेक: या इंजिनात तसं करायचं नाही. कमी फेरे, वरचा गिअर, आणि पाय खाली दाबलेला. टर्बो हवा कोंबतो, आणि स्पार्क पडायच्या आधीच आतलं मिश्रण पेटतं. लो स्पीड प्री-इग्निशन म्हणतात. एकच फटका, पण पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. त्यासाठी ऑइलची जातच बदलावी लागली. २०१८ ला एसएन प्लस आलं, २०२० ला एसपी. डब्यावर पाठीमागं बारीक अक्षरात असतं. जुन्या ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटनं हे जास्त व्हायचं.

मी डब्याच्या पाठीमागचं बारीक अक्षर कधी वाचलं नव्हतं. आप्पांनी दुसरीकडे पाहिलं. ते का, हे मला पुढच्या मिनिटात कळलं.

आप्पा: डबा वाचून गाडी चालत नाही बेटा. मी तीस वर्षं एकच ऑइल…

लेक: आप्पा, बोलू का?

आप्पा: बोल.

लेक: तुमचा टर्बोवर राग का आहे, मला माहीत आहे. ती दोंडाईच्याच्या पाहुण्यांची गाडी. तुम्ही तिच्यात २०-४० टाकलं. जाडं ऑइल, इंजिन दमदार राहतं म्हणून. कंपनीनं सांगितलं होतं ५-३०. आठ महिन्यांत टर्बो बसला. पैसे तुम्ही भरले, आईच्या भिशीतून. ती गाडी टर्बोनं नाही गेली, आप्पा. तुमच्या ऑइलनं गेली.

गॅरेजात एक पोरगा टायर फिरवत होता, तो थांबला. आप्पा बराच वेळ बोटाला लागलेलं ग्रीस पुसत राहिले. मला वाटलं, आता आपण उठावं. पण आप्पा हसले. फार नाही, मिशीतल्या मिशीत.

आप्पा: खरं आहे. माझ्याच हातून गेली. मग तेच तर मी सांगतोय. मी चोर नाही, मुद्दाम नाही केलं. मला येत होतं ते केलं. माझ्यासारखे या डिंडोलीत गल्लीगल्लीत बसलेत, नवागामला बसलेत, लिंबायतला बसलेत. सरांच्या या गाडीत गेल्या पाच वर्षांत कोणी काय ओतलं, तू सांगू शकतेस?

लेकीनं उत्तर दिलं नाही. उठली, आणि गाडीकडे गेली.

त्यानंतरचा तासभर मी जे पाहिलं त्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. भांडण तेच होतं, पण आता ते हातांनी चाललं होतं.

आधी आप्पांनी बॉनेटवर तळहात ठेवला. ‘गरम करून आणली,’ म्हणाले. थंड इंजिन पहिल्या सुरुवातीला सगळं सांगून टाकतं, म्हणून विकणारे दारात यायच्या आधी गाडी तापवून आणतात. मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून नाकाला लावला, मागच्या स्टेपनीखाली बोट फिरवलं. मिठी खाडीचं पाणी वस्तीत शिरतं तेव्हा गाड्याही बुडतात, आणि धुऊनपुसून पुढच्या उन्हाळ्यात विकायला निघतात. इथं माती नव्हती, वास नव्हता. कुलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. हिरवा रंग फिका पडला होता. ‘नळाचं पाणी घातलंय कोणीतरी,’ आप्पा म्हणाले. लेकीनं मान हलवली. या एका बाबतीत दोघांचं जमलं.

लेकीनं स्टिअरिंगखाली तिची स्कॅनरची डबी लावली. चेक इंजिनचा दिवा लागलेला नव्हता, बिघाडाचा कोड एकही नाही.

‘मग बरी आहे ना?’ मी विचारलं.

‘फारच बरी आहे,’ ती म्हणाली. ‘हे बघा सर. गाडीचा कॉम्प्युटर चालता चालता स्वतःच्या परीक्षा घेत असतो, कॅटॅलिस्टची, ऑक्सिजन सेन्सरची. सगळ्यांपुढं ‘अपूर्ण’ आहे. कोणी कोड पुसले की परीक्षाही कोऱ्या होतात. आणि हा आकडा पुसता येत नाही, तो आपोआप मोजतो. कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर: ११ किलोमीटर.’

विकणाऱ्याच्या जागेपासून आप्पांच्या गॅरेजपर्यंत मी गूगलवर पाहिलं. साडेदहा.

निकालपत्रक फाडून कोरं आणून दिलेलं होतं. काय नापास झालं होतं, ते मात्र फाटलेल्या कागदावरून कळत नाही. आप्पांनी डिसमिस मागितला (पेचकसाला इथं सगळे डिसमिसच म्हणतात), इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजची क्लिप सैल केली आणि आत बोट घातलं. बोटाला ऑइल आलं.

आप्पा: हे घे. तुझी खाडाखोड.

लेक: एवढं असतं, आप्पा. इंजिनातली वाफ याच रस्त्यानं परत जाते, तिच्यासोबत थोडं ऑइल येतं. पातळ थर असला तर चालतं, साचलेलं असलं तर नाही.

आप्पा: हा पातळ आहे का साचलेला?

लेक: मधला.

मग तिनं फिल्टरकडचा पाइप काढला, आत दोन बोटं घालून टर्बोचा दांडा हलवला. आप्पांनीही हलवला. आडवा किंचित हलत होता. तो हलणारच, ऑइलची जागा तेवढी सोडलेलीच असते. पुढं-मागं हलला तर मात्र टर्बो गेला म्हणायचा. पुढं-मागं हलत नव्हता. पात्यांच्या कडा शाबूत होत्या. होजच्या एका क्लिपजवळ काळा तेलकट पट्टा होता. जोरात हवा कोंबली की तिथून फुसफुसत असणार. लेक म्हणाली, प्रेशर कमी पडल्याचा कोड, पी-०२९९, अशाच गळतीनं येतो, आणि क्लिप बदलून शंभर-दोनशे रुपयांत जातो. आप्पा म्हणाले, तोच कोड वेस्टगेट, म्हणजे टर्बोकडचा धूर वळवणारी झडप, अडकल्यानंही येतो, आणि तो शंभर रुपयांत जात नाही. दोघंही बरोबर होते, हीच तर पंचाईत.

बिलांची फाइल मी काढली. १० हजारांवर सर्व्हिस, २० हजारांवर सर्व्हिस, पुढची थेट ४३ हजारांवर.

आप्पा: कंपनी मेंटेन! मधले तेवीस हजार कोणत्या कंपनीत मेंटेन झाले?

लेक: बाहेर केली असेल.

आप्पा: बाहेर म्हणजे कुठं? माझ्याकडे? माझ्यासारख्याकडे?

लेक थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ऑइलच्या झाकणाखाली गाळ नाही, डिपस्टिकवर चिकटा नाही. तेवीस हजार तेच ऑइल असतं तर दिसलं असतं. बदललं आहे, कोणतं ते माहीत नाही. पन्नास हजार कमी करून घ्या, पहिल्याच दिवशी ऑइल आणि फिल्टर बदला, पाच हजारांवर पुन्हा बदला, प्लग नवे टाका, क्लिपा नव्या टाका, आणि चालवा. आप्पा म्हणाले, पन्नास हजार कमी करून डोकेदुखी घेण्यापेक्षा लहान नवी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्केच आहे. मी म्हणालो, १८ टक्के झाला तरी उरलेले शंभर मलाच भरायचे आहेत.

पेट्रोलवरही झालं थोडं. वीस टक्के इथेनॉलनं जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होतील, असं आप्पा म्हणाले. लेक म्हणाली, इथेनॉलनं ऑक्टेन वाढतं, टर्बोला ते बरंच. अ‍ॅव्हरेज मात्र पडणार. यावर दोघांनाही फार रस नव्हता, चहा आला होता.

शेवटी लेकीनं अट घातली. गाडी रात्रभर इथं राहू द्या. सकाळी थंड सुरू करून बघू, मग चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवू. परीक्षा पुऱ्या होत आल्या की मी पुन्हा वाचते. जे पुसलंय ते परत यायचं असेल तर तेव्हा येईल. विकणारा फोनवर जरा घुटमळला, मग हो म्हणाला.

सकाळी सहाला मी पोचलो तर बापलेक आधीच उभे. आप्पा सायलेन्सरच्या मागं उकिडवे बसलेले. लेकीनं चावी फिरवली. निळसर धुराचा एक झुपका आला, दोन सेकंदांत विरला.

‘व्हॉल्व्हचं सील,’ लेक आतून ओरडली. ‘रात्रभर उभी राहिली की थेंब उतरतो.’

‘नाहीतर टर्बोचं,’ आप्पा म्हणाले. ‘वास बघ.’

दोघंही वास घेत राहिली. मग आम्ही तिघं गाडीत बसून कडोदरा चौकडीवरून पलसाण्याकडे निघालो. लेक चालवत होती, आप्पा पुढं, खिडकीची काच खाली करून कान बाहेर. हायवेवर तिनं तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी अशी उचलली गेली की आप्पांनी वरची कडी धरली. ‘पिकअप आहे,’ ते म्हणाले, आणि लगेच गप्प झाले. येताना पाच परीक्षांपैकी तीन पूर्ण झाल्या होत्या. दिवा लागला नव्हता.

गॅरेजच्या दारात गाडी लावली, लेकीनं अर्धा मिनिट ती तशीच चालू ठेवली. तेवढ्यात माझा फोन वाजला. विकणारा होता.

‘सर, चालवून पाहिली ना? कशी वाटली?’ तो म्हणाला. आणि मी काही बोलायच्या आत, ‘दिवा परत नाही ना लागला?’